थंडीला हुद्दा देणारे हवालदार

आमच्या सातपूरच्या कॉलनीत थंडीला हुद्दे होते आणि ते हवालदार सोनवणे देत. डिसेंबरात सकाळी पहिल्या पाळीवाले कानाला मफलर गुंडाळून सायकली काढत, तेव्हा हवालदार नुसत्या बनियनवर सार्वजनिक नळाशी उभे राहून डोक्यावर बादली ओतत आणि जाहीर करत, "आज शिपाई. नुसती शिपाई." द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागल्या, की थंडीला लान्स नायकाची बढती मिळे. एकदा तर दवाचंच बर्फ झालं. मी दात वाजवत म्हटलं, "हवालदार, आज तरी सुभेदार म्हणा." त्यांनी हवा हुंगली. "नायक. त्याच्या वरची थंडी नाशकात येत नाही. ती वर बर्फात असते. आमची ओळख आहे."

मी स्टोअरमधला कारकून आणि कॉलनीच्या मित्रमंडळाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सतरंज्या गोळा करायच्या आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. हवालदार फौजेतून पेन्शनीत येऊन एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. 'फौज में बहाना नहीं' हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. दूध नासलं, बस चुकली, माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं, तिन्ही वेळा त्यांनी हेच ऐकवलं. मेहुणा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

राजकारणावर त्यांचं बारीक लक्ष होतं. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला ते 'भगोडा' म्हणत. रोज पेपर उघडून लाल पेन्सिलीने भगोड्यांवर फुल्या मारत. ते दिवसच असे होते, की बिचाऱ्यांना पेन्सिली पुरत नसत.

पण माणसाला एक हाव होती, ती म्हणजे सत्काराच्या शालीची. निवडणूक आली, की पुढाऱ्यांना माजी सैनिकांचा उमाळा येई. हवालदार कडक इस्त्रीचा युनिफॉर्म आणि पदकं चढवून सकाळी सत्ताधाऱ्यांच्या व्यासपीठावर, संध्याकाळी विरोधकांच्या. भाषण दोन्हीकडे एकच, "आम्हा दोघांतर्फे जय हिंद." एकदा सभेत कुणीतरी ओरडलं, "हवालदार, तुम्ही नक्की कुणाचे?" हे शांतपणे म्हणाले, "शाल घेतलीय. मत अजून माझ्याकडंच आहे."

'दोघां'मधली दुसरी म्हणजे त्यांची वारलेली बायको, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. माझी बायको ते ऐकून डोळ्यांना पदर लावी आणि मग माझ्याकडे बघून म्हणे, "शिका काहीतरी." मला मात्र वेगळंच कोडं पडलेलं. हा माणूस हिवाळाभर बनियनवर, मग इतक्या शाली जातात कुठे? तमाम कॉलनीत एकमत होतं, की म्हातारा पेटीत कोंबून ठेवतो.

मग सरकार पडलं आणि ऐन जानेवारीत मध्यावधी निवडणुका आल्या. दोन्ही बाजूंनी गेल्या खेपेचं लक्षात ठेवून हवालदारांचं नाव कापलं. एकही शाल मिळाली नाही. मतदान झाल्यावर ते आठवड्यात तीनदा माझ्या दारात आले. "सेक्रेटरी, सव्वीस जानेवारीला मंडळाचा सत्कार आहे ना?" मी म्हटलं, "आहे." "पक्का?" "पक्का." चौथ्यांदा भाजी मंडईत गाठलं, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "हवालदार, पळून जात नाही मी. भगोडा नाही."

आणि मग मी शहाणपणा केला. एवढ्या शाली असलेल्या माणसाला आणखी एक शाल काय द्यायची? मी मंडळाला पटवलं आणि भिंतीवरचं घड्याळ आणलं. झेंडावंदनानंतर टाळ्यांच्या गजरात ते त्यांच्या हातात ठेवलं. हवालदारांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कुणाच्या हातात शाल आहे का तेही पाहिलं. मग कडक सलाम ठोकला आणि खाली उतरले. त्या वर्षी 'दोघांतर्फे जय हिंद' झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळासह दारात हजर. "सेक्रेटरी, हे परत घ्या. घड्याळ रिटायर माणसाला देतात."

"मग तुम्ही कोण आहात?" मी चिडलोच होतो.

"मी रिटायर आहे. तो नाही."

"तो कोण?"

"रविवारी सुरगाण्याला चला. सांगतो."

बायकोने मला नुसतं ढकललं. वर पिशवीत एक शाल कोंबली. गणपतीत मंडळाने सेक्रेटरी म्हणून मला दिलेली, घडीसुद्धा न मोडलेली.

एसटीत हवालदार पहिल्यांदाच स्वतःबद्दल सलग चार वाक्यं बोलले. "बर्फातली चौकी होती. पहारा माझा होता, पण मला ताप भरला. नायक गावित म्हणाला, तू झोप, मी उभा राहतो. सकाळी बदली द्यायला गेलो, तर उभाच होता, गोठलेला."

मी खिडकीची काच ओढून घेतली. ते म्हणाले, "अजून उभाच आहे माझ्यासाठी. त्याला घड्याळ देतात का? शाल त्याची असते, सेक्रेटरी. मी फक्त नेऊन पोचवतो."

"विकत घेऊन न्यायची एखादी."

"नाय चालत. त्याची म्हातारी आई विचारते, लोक जमले होते का. खोटं कसं बोलू?"

सुरगाण्याहून जीपने आणि पुढे पायी गावितच्या पाड्यावर पोचलो आणि मी चाटच पडलो. एक आजोबा जरीकाठाची शाल पांघरून शेळ्या राखत होते. एक बाई गुलाबी शाल कमरेला खोचून नागली पाखडत होती. एकजण गळ्यात शाल टाकून लाकडं फोडत होता. सगळा पाडा प्रमुख पाहुण्यांचा वाटत होता. आमच्या मंडळाची गेल्या वर्षीची हिरवी शाल एका पाळण्यात होती, आत बाळ झोपलं होतं.

गावितची आई उन्हाला बसली होती, अंगावर जुनं विरलेलं लुगडं. पोराचा मान सगळ्या पाड्याचा, म्हणून आलेली शाल ती वाटून टाकायची. तिने मला खालपासून वरपर्यंत निरखलं. "तुमीच का माझ्या पोराला शाल देता?"

मी पिशवीतून शाल काढली. "हो आई. औंदा इथंच द्यायची ठरली. लोक जमवा."

लोक जमले. शालीतच जमले. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार उरकले, पण नायक गावित हे नाव पहिल्यांदाच उच्चारलं आणि पुढचं भाषण मला जमलं नाही. शाल म्हातारीच्या खांद्यावर ठेवली. हवालदार सावधान उभे राहून म्हणाले, "आम्हा दोघांतर्फे जय हिंद."

ऊन उतरलं, डोंगरावरून गार वारा सुटला. मी कान झाकले. म्हातारीने हवालदारांच्या दंडाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "थंडी वाजते का रं?"

मला वाटलं, आता हुद्दा सांगणार. हवालदार तिच्या शेजारी मातीत बसले.

"लय वाजते, आई," ते म्हणाले.

तिने शालीचं एक टोक त्यांच्या पाठीवर टाकलं.