सुझानीची मोकळी पानं

एर्गशने चाळीस वर्षं उर्गुत गावच्या कारखान्यात विजारी शिवल्या, पण एकीचाही दोरा लोंबता सोडला नाही! त्यामुळे मुलीच्या लग्नात सासूबाईंच्या हातची जुनी सुझानी, म्हणजे रेशमाने वेलफुलं भरलेली चादर, नवरी बसते त्या कोपऱ्याला पडदा म्हणून लावायची ठरली, तेव्हा त्याने छातीवर हात मारला.

"तू खुशाल आईंना आणायला जा," तो बायकोला, रोहतला, म्हणाला. "येशील तेव्हा ओळखणार नाहीस!"

हे मात्र अगदी खरं ठरलं.

एकतीस वर्षं पलंगावर पडून सुझानीला कसर लागली होती. एर्गशने भोकं बुजवली, मागून अस्तर लावलं. काम देखणं झालं. आणि मग सुझानीच्या एका कोपऱ्यात त्याला दोन पानं दिसली. शाईने रेखलेली, पण भरलेलीच नव्हती!

"आईंचा आळस!" असं म्हणत त्याने हातासरशी दोन्ही भरून टाकली.

शेजारची हालिमा कढई मागायला आली आणि किंचाळलीच. "एर्गशभाऊ, कोपरा बंद केलात? अहो, संसारात पुढे काही घडायचं राहावं म्हणून तो मोकळा सोडतात! पोरीचं नशीब शिवून टाकलंत!"

"मला कुणी सांगितलं नाही!"

"बायकांच्या गोष्टी पुरुषांना कोण सांगतं?"

पुरुषांना नाही, पण बाकी सगळ्यांना हालिमाने सांगितलं. चहा निवायच्या आत विहीणबाईंचा फोन आला. "सोयरीक मोडायची असेल तर तोंडावर सांगा! कोपरे कसले बंद करता? निघालेच मी!"

एर्गशच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न तीन दिवसांवर! त्याने पातं घेतलं आणि टाके उसवायला बसला. पण टाके विजारीचे, पक्के! एक ओढावा तर शेजारचं जुनं रेशीम सोबत यायचं. पानं गेली, फूल गेलं, मग अर्धी वेल गेली.

दारात एकदमच तिघी उभ्या राहिल्या. रोहतने कपाळाला हात लावला. तिची आई, बीबिसोरा, आत येऊन चहा ओतून घेऊ लागली. विहीणबाई मात्र वाकून बघतच राहिल्या.

"अगंबाई! एवढी जागा मोकळी? आमच्या सुनेसाठी एवढं सुख शिल्लक ठेवलंत? आणि ती हालिमा काहीतरीच बरळत होती!" त्यांनी बीबिसोराचे हात डोळ्यांना लावले आणि डोळे पुसत घरी गेल्या.

एर्गश लगेच ताठ झाला. "मी मुद्दामच जरा सढळ हाताने..."

"सढळ हाताच्या, बस खाली!" बीबिसोराने सुई पुढे केली. "लग्नाआधी वेल भरून दे. रिवाजाप्रमाणे एक पान सोड."

"एक? पण तुम्ही तर दोन सोडली होती."

म्हातारीने चहाचा घोट घेतला.

"मीही एकच सोडलं होतं रे. मग तू रोहतला बघायला आलास. विजारीतल्या टाक्यांवर दोन तास बोललास. त्या दिवशी मी घाईघाईने आणखी एक उसवलं. म्हटलं, या जावयात सुधारायला जागा लागेल."

रोहत खुदकन हसली. एर्गशने सुईत दोरा ओवला.

"मग आता किती सोडू?" त्याने हळूच विचारलं.

"पोरीला एक पुरे. तिचा नवरा बरा आहे."