थोरलीचा नमुना

प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझीणीला रखवालदाराची बायको ‘थोरली’ म्हणायची, सवतीला म्हणतात तसं. तिचं म्हणणं सरळ होतं. ती लग्न होऊन घरात आली, त्याच्या आधीच नवऱ्यानं त्या पोरक्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा नवरदेव उशिरा पोचला, कारण थोरलीला ताप होता. “मी धाकटी,” ती शेजारणींना सांगे. “मला उरलेलं मिळतं.” सांगताना चेहरा इतका गंभीर, की हसावं की हळहळावं हे शेजारणींना कळत नसे.

आता थोरली म्हातारी झाली होती आणि पिंजऱ्यात एकटीच होती. दूरच्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयानं तिला मागितलं. तिथे तिच्या जातीचा अख्खा कळप होता. ती नेमकी त्यांच्याच पोटजातीची ना, एवढं लाळेतल्या डीएनएवरून आधी पाहायचं होतं. प्रयोगशाळेतल्या बाईंना ताडून बघायला माणसाचाही नमुना हवा होता. रखवालदार समोरच उभा होता. बाईंनी त्याला कापूस लावलेल्या दोन काड्या दिल्या. “एक तिच्या गालात आतून फिरवा, एक तुमच्या.”

संध्याकाळी तो घरी येऊन गुपचूप जेवायला बसला.

“दिल्या काड्या?” बायकोनं विचारलं.

“दिल्या.”

“मग जाणार ती?”

“जाईल,” तो म्हणाला, आणि ताट निम्मं टाकून उठला. असा तो कधी उठत नसे. बायकोनं ताट उचललं.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. “काका, माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएत फरक थोडाच असतो, हे खरं. पण तुमच्या दोन नमुन्यांत तेवढाही नाही. दोन्हींत तुम्ही आहात आणि दोन्हींत ती आहे.”

“असणारच,” रखवालदार म्हणाला. थोरलीचा लहानपणापासूनचा नेम होता. कुठलीही वस्तू आधी त्यानं तोंडात घालायची, मग ती घालणार. आणि आपली वस्तू त्याला चाखवल्याशिवाय ती राहायची नाही. दोन्ही काड्या दोघांच्याही तोंडातून फिरल्या होत्या. “तिला एकटीनं खाणं ठाऊकच नाही, बाई.”

“मला ठाऊक आहे,” बायको आतून म्हणाली. “लग्न झाल्यापासून दुपारचं मी एकटीच जेवतेय.”

मग प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी पक्का बंदोबस्त केला. रखवालदार जवळ असला की घोळ होतो. तेव्हा नमुना त्याच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी घ्यायचा. डॉक्टर स्वतः हातमोजे चढवून, तोंड झाकून घेणार होते. “तुम्ही त्या दिवशी फाटकाशीसुद्धा दिसायचं नाही,” त्यांनी बजावलं.

गुरुवारी रखवालदार छताकडे बघत पडून राहिला. बायको नेहमीसारखी पिशवी घेऊन भाजीला गेली. दर गुरुवारी तिला भाजीला दुपार पुरत नसे, आणि एवढं करून आणलेले बटाटे मोड फुटलेले निघत.

“याला एवढा वेळ?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“निवडायला लागतो.”

या खेपेला निकाल घेऊन बाई स्वतःच घरी आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. “काका, नमुन्यात आता तुम्ही नाही.”

“बरं झालं.”

“पण माणूस आहे. बाईमाणूस. आधी वाटलं, मीच असेन. ताडून पाहिलं, तर मी नाही. डॉक्टर तर पुरुष. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, एक बाई दर गुरुवारी पिशवी घेऊन येतात. घरच्याच आहेत म्हणून सांगतात, म्हणून तो सोडतो.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको हात पुसत बाहेर आली.

“पिशवीत सफरचंद असतं,” ती म्हणाली. “तुमच्या सुट्टीच्या दिवशी ती अन्नाला शिवत नाही. कुणीतरी निम्मं खाऊन द्यावं लागतं.”

“आणि ते कुणीतरी तू?”

“मग काय उपाशी ठेवू? सवत झाली तरी घरचं माणूस आहे.”

रखवालदारानं कोपऱ्यातल्या भाजीच्या टोपलीकडे पाहिलं. “आणि बटाटे?”

“परत येईस्तोवर चांगले संपलेले असतात.”

बाईंनी घसा साफ केला. “आता रक्त घेतलं असतं. रक्तात कुणाला वाटेकरी होता येत नाही. पण ते लोक थांबायला तयार नाहीत. नमुना दोनदा बिघडला, म्हणून त्यांनी दुसरीकडची चिंपांझीण घेतली. मला फार वाईट वाटतं, काका.”

“वाईटच झालं,” रखवालदार म्हणाला.

“फारच वाईट,” बायको म्हणाली.

दोघांचे चेहरे इतके पडलेले होते, की बिचाऱ्या बाई त्यांची समजूत घालत बसल्या, आणि निघताना पुन्हा एकदा माफी मागून गेल्या.

पुढच्या गुरुवारी रखवालदार पडून राहिला नाही. पिशवी त्याच्याच हातात होती. “चल,” तो म्हणाला, “भाजीला जाऊ.”

पिंजऱ्याशी पोचल्यावर थोरलीनं दोघांना एकदम पाहिलं आणि जराही नवल केलं नाही. तिनं नेहमीसारखं चावून दिलेलं सफरचंद घेतलं, एक चावा मारला आणि नेमाप्रमाणे पुढे केलं. धाकटीकडे.

रखवालदाराला त्या दिवशी उरलेलं मिळालं.