मयताच्या खुर्चीत साहेब

“बघत राहा! साहेब आमच्याकडे जेवून उठतील ते मला विभागप्रमुख करूनच उठतील!”

असं वहिनींनी सकाळीच शेजारीपाजारी जाहीर करून टाकलं होतं. आणि का करू नये? विमा कंपनीत दाव्यांच्या फायली उपसता उपसता त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला, साहेब बदलले, पंखे बदलले, वहिनींची खुर्ची काही बदलली नाही! या खेपेस मात्र साहेब स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते, “ती जागा तुमचीच समजा.” समजा म्हटल्यावर वहिनींनी समजून टाकलं आणि साहेबांना जेवायला बोलावलं.

बेतही चोख होता. सूप करून ठेवलेलं, कोंबडी मसाल्यात शिजवलेली, पुडिंग फ्रिजमध्ये. उरलं काय, तर टेबल मांडणं. ते काम त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

“अहो, संध्याकाळी पाहुणे आहेत. टेबल नीट मांडून ठेवा.”

“माहीत आहे,” नवरा म्हणाला.

इथेच वहिनींना शंका यायला हवी होती. या माणसाला लग्नाचा वाढदिवससुद्धा माहीत नसतो!

नवरा म्हणजे आपले लेखकराव. रहस्यकथा लिहितात. खून फर्मास करतात, पण तो केला कुणी, हे त्यांचं त्यांनाच शेवटपर्यंत कळत नाही. मग प्रकरण अडलं की सगळ्या संशयितांना घरी जेवायला बोलावतात. मनातल्या मनात हो! पण ताटं खरी, पेले खरे आणि वाढायचंही खरं. ज्याच्या घशाखाली घास उतरणार नाही तो खुनी, अशी त्यांची पद्धत. वाढलेलं नंतर खातात कोण, ते त्यांच्या पोटाकडे बघून समजावं.

वहिनी ऑफिसातून आल्या तर टेबल झकास मांडलेलं! त्यांना अगदी भरून आलं. पर्स ठेवायला त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली.

“अगं अगं! कर्नलच्या मांडीवर काय ठेवतेस!”

वहिनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“अहो, आज माझे साहेब येणारेत!”

“साहेब? माझ्या कथेत कुणी साहेब नाही.”

“माझ्या कथेत आहे! उठवा आधी या सगळ्यांना!”

“आत्ता? सूप वाढल्यावर? अगं, प्रकाशक उद्या शेवटचं प्रकरण न्यायला येतोय! इकडे कर्नल, तिकडे डॉक्टरीणबाई, समोर ती विधवा. बिचारीला आत्ता कुठे बोलतं केलंय.”

“थांबा. कुठलं सूप वाढलंत?”

“फ्रिजमधलं. गरम करून वाढलं हो, थंड नाही!”

खरंच, रिकाम्या खुर्च्यांपुढे वहिनींचं सूप वाफाळत होतं. आता या माणसाचं काय करावं, असा विचार करतात तोच बेल वाजली!

साहेब आले. हातात फुलं, चेहऱ्यावर भूक.

“वा! आणखी मंडळी यायचीत वाटतं?”

“आलेली आहेत की,” लेखकराव म्हणाले.

साहेब हसत हसत एका खुर्चीवर टेकणार, तोच लेखकराव ओरडले, “तिथे डॉक्टरीणबाई आहेत!” साहेब अर्धवट बसलेले तसेच उठले. दुसऱ्या खुर्चीकडे वळले, तर तिथे विधवा!

“अहो, मग मी बसू कुठे?”

“ही घ्या, कारखानदाराची. खून त्याचाच झालाय, त्यामुळे मोकळीच आहे.”

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी हसल्या. हसल्या कसल्या, दात दाखवले. “ह्यांची आपली गंमत असते, साहेब! सूप घ्या ना.” असं म्हणत त्यांनी कर्नलपुढचा वाडगा उचलून साहेबांपुढे सरकवला.

पण साहेब खुलले! “म्हणजे मी मयत? बेस्ट! विचारा, काय विचारायचं ते!”

वहिनींच्या जिवात जीव आला. साहेब खूश तर बढती पक्की! त्यांनी लगबगीने कोंबडी आणली.

“कर्नलनी सूपला अजून हातही लावलेला नाही,” लेखकराव डोळे बारीक करून म्हणाले.

“त्यांचं सूप मी पितोय!”

“तरीच ते तुमच्याकडे असे बघतायत. या माणसाने तुमच्या कारखान्यासाठी हाडाची काडं केली. तुम्ही त्याला काही कबूल केलं होतंत का?”

साहेब रंगात आले होते. तंगडी हलवत म्हणाले, “केलं असणारच! माणूस जोमाने राबायला हवा, तर कबूल करावंच लागतं. जागा तुमचीच समजा, म्हणायचं!”

वहिनींच्या हातातला डाव हवेतच थांबला.

“आणि दिलीत कुणाला?”

“मेव्हण्याला! कालच सही केली. न देऊन सांगतो कुणाला? बायको घरात घ्यायची नाही!”

साहेब खो खो हसले. मग हसता हसता त्यांची नजर वहिनींवर गेली आणि तंगडी ताटात पडली.

“म्हणजे... मी आपलं कारखानदाराच्या वतीने बोलत होतो.”

“कारखानदाराला मेव्हणा नाही,” लेखकराव म्हणाले.

साहेबांना एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं. जोडे नीट न घालताच ते जिना उतरले. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

लेखकराव टुणकन उठले. “सापडला! शब्द एकाला, जागा मेव्हण्याला! कर्नलनीच मारला! सुटलं एकदाचं... अगं, तू रडतेस?”

“रडू नको तर काय करू? ती जागा माझी होती हो! जन्म घातला मी त्या फायलींत!”

“म्हणजे साहेब ते खरंखुरं...?”

“खरंखुरं!”

लेखकराव मटकन खाली बसले. वहिनींनी पदराने डोळे पुसले, पुडिंग आणलं आणि त्याचा भला मोठा तुकडा कर्नलच्या ताटात वाढला.

“घ्या हो कर्नल. तुमचं दुःख मला कळतंय.”

लेखकराव चुळबुळले. “अगं, कर्नल नाहीत तिथे.”

“आता ते कुठे गेले?”

“साहेबांबरोबर. त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर.”

वहिनींनी दाराकडे पाहिलं.

“पिस्तूल घेतलंय का त्यांनी?”

“घेतलंय.”

वहिनींनी कर्नलचं ताट पुढ्यात ओढलं आणि पोटभर पुडिंग खाल्लं.