फ्रिजवरची बशी

फ्रिजवर एक बशी असायची आणि त्या बशीत सासूबाईंचं कानातलं यंत्र असायचं. कातडीच्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं. दुपारी आडवं होताना त्या ते काढून तिथे ठेवत आणि उठल्यावर कानात घालत. त्या बशीत दुसरं काहीही ठेवायचं नाही, असा घरात सक्त नियम होता. नियम जावईबापूंनीच केला होता, कारण त्यांनी एकदा तिथे चष्म्याचे बारीक स्क्रू ठेवले होते आणि त्यातला एक सासूबाईंनी कानात घालून पाहिला होता. शनिवारी दुपारी तो नियम जावईबापूंनीच मोडला.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण सारी गल्ली त्यांना 'प्रोफेसर' म्हणायची. आठवडाभर ते लोकांना दूरचं दिसेल अशी सोय करत आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या मनातलं ओळखत. म्हणजे ओळखायचा प्रयत्न करत. जादूवर त्यांचं प्रेम होतं, पण विश्वास होता तो यंत्रांवर. त्यांनी हवेत तरंगणारा दिवा घेतला. तो तरंगला आणि खाली उतरेना. आपोआप उघडणारी पेटी घेतली; ती बसमध्ये उघडली. प्रत्येक प्रयोग पडला की ते म्हणत, "यंत्र जुन्या पद्धतीचं होतं गं. हल्ली नवं निघालंय." नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांची बायको पूर्वी मनात म्हणायची. अलीकडे मोठ्याने म्हणू लागली होती.

नवं निघालेलं यंत्र आता घरात आलं होतं. दुकानाचं गळकं छत तसंच ठेवून आलं होतं. एक पाटी होती. प्रेक्षकाने तिच्यावर काहीही लिहिलं की ते पडद्याआड बसलेल्या बायकोच्या फोनवर उमटायचं. मग बायकोने कॉलरच्या माइकमध्ये कुजबुजायचं आणि ते प्रोफेसरांच्या कानातल्या, कुणालाही न दिसणाऱ्या यंत्रात ऐकू यायचं. हे यंत्रही कातडीच्या रंगाचं आणि शेंगदाण्याएवढंच होतं.

"हे शेवटचं," बायकोने बजावलं होतं. "आज जमलं तर ठीक. आज पडलं तर ती ट्रंक माळ्यावर जाणार आणि तुम्ही सुटीच्या दिवशी माणसासारखे घरी बसणार."

"आज पडणारच नाही! हॉलचे साहेब स्वतः बघणार आहेत. पसंत पडलं तर दर शनिवारचा खेळ आपला."

"जावईबापू," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "यंत्राचं सोडा. तुम्ही बोलता फार. थोडं गप्प राहायला शिका. गप्प राहणाऱ्याला लोक आपणहून सगळं सांगतात."

हे त्या अनुभवाने सांगत होत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, आणि कानात पडेल ते सपाट आवाजात परत म्हणून दाखवायचं, म्हणजे पलीकडच्याची खात्री पटते. गावातलं कोण कुणाशी बोलतं, कोण बोलता बोलता रडतं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं होतं. त्यातला चकार शब्द त्यांनी कधी बाहेर काढला नव्हता.

प्रोफेसरांनी "हो, हो" म्हटलं, नवं यंत्र पुसलं आणि शर्टाचं बटण लावण्यापुरतं हाताशी होती त्या बशीत ठेवलं. बटण लागलं. त्यांनी बशीतून एक शेंगदाणा उचलला आणि कानात घातला. थोड्या वेळाने सासूबाईंनी दुसरा उचलला.

टॅक्सीत सासूबाई फारच शांत होत्या. रस्ता वाहत होता, हॉर्न वाजत होते, आणि त्या खिडकीतून बाहेर बघत एकदाच म्हणाल्या, "आज सगळ्यांचे ओठ हलतायत, पण आवाज कुणालाच नाही." बायकोने प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांना मात्र आज टॅक्सीचा प्रत्येक खिळा वाजताना ऐकू येत होता. घाबरल्यावर असं होतं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

हॉल जुना होता. उंच छत, विटलेले मखमली पडदे, आणि दारं बंद केली तरी कुठूनतरी येणारी थंड झुळूक. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवून दोघं पडद्याआड गेली. बायकोने माइक कॉलरला लावला आणि हातभर अंतरावरून कुजबुजली, "हॅलो, ऐकू येतंय का?"

"वा!" प्रोफेसर उडालेच. "कानात घंटा वाजावी तसं! पैसे वसूल!"

त्याच क्षणी पडद्यापलीकडून सासूबाईंचा सपाट आवाज आला, "हो, बोला."

"आई कुणाशी बोलतेय?" बायको म्हणाली.

"बसलं असेल कुणी शेजारी," प्रोफेसर म्हणाले. सासूबाईंच्या शेजारी कुणीच बसलं नव्हतं.

पडदा सरकला. दिवे मंद झाले. प्रोफेसरांनी पाठ केलेलं भाषण पाऊण तास केलं, मनाच्या अथांग शक्तींविषयी, आणि लोकांनी जांभया दिल्या. मग त्यांनी एका परिचारिकेला वर बोलावलं. "लहानपणी हरवलेली एक वस्तू लिहा. मला दाखवू नका." तिने पाटीवर लिहिलं आणि पाटी छातीशी धरली. प्रोफेसरांनी कपाळाला बोटं लावली, डोळे मिटले आणि कान टवकारले.

त्यांना ऐकू आलं ते असं: कुणाचं तरी पोट गुरगुरत होतं. तिसऱ्या रांगेत गोळीचा कागद उलगडत होता. त्यामागे कुणीतरी म्हणत होतं, "ह्याला काही येत नाही, चल." सगळा हॉल त्यांच्या कानात कोंबल्यासारखा झाला होता, फक्त बायकोचा आवाज तेवढा नव्हता. प्रोफेसरांना माळ्यावर चढणारी ट्रंक दिसू लागली.

"लक्ष... एकाग्र करा," ते म्हणाले. "आणखी. आणखी थोडं..."

"निळी छत्री," अंधारातून आवाज आला. "मूठ तुटलेली."

आवाज बाईचा होता, पण त्यात ना आश्चर्य होतं ना आनंद. काहीच नव्हतं. परिचारिकेच्या हातून पाटी पडली. पाटीवर तेच लिहिलेलं होतं.

हॉलमधलं पोट गुरगुरायचं थांबलं. पहिल्या रांगेत एक पांढऱ्या केसांची बाई ताठ बसली होती. एक बोट कानावर, नजर कुठेच नाही.

पडद्याआड बायकोला काही कळेना. नवरा गप्प का? ती माइकमध्ये कळवळून म्हणाली, "बोला ना! ऐकू येतंय ना?"

"बोला ना," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय ना?"

कुणी हललं नाही. शेवटी मधल्या रांगेतला एक जाडजूड माणूस चाचरत म्हणाला, "ह... हो."

"देवा, संपलं सगळं," बायको पुटपुटली.

"संपलं सगळं," सासूबाईंनी सगळ्यांना कळवलं.

एक मूल रडू लागलं. त्या जाडजूड माणसाची बोबडीच वळली. मागच्या रांगेतलं एक जोडपं वाकून, हळूच दाराकडे निघालं. बायकोने फटीतून ते पाहिलं आणि हताश होऊन म्हणाली, "निघाले बघा मागच्या दाराने. जातील कुठे? रस्त्यावर तर अंधार."

सासूबाईंनी मान वळवली नाही. "निघाले बघा मागच्या दाराने. जातील कुठे? रस्त्यावर तर अंधार."

जोडपं दाराच्या कडीवर हात ठेवून गोठलं, मग परत येऊन मुकाट्याने बसलं. त्या रात्री ते चालत घरी गेले की नाही, कोण जाणे.

आता कुठे बायकोच्या डोक्यात उजेड पडला. आपण बोलतो ते आईच्या तोंडून बाहेर पडतंय! तिने कॉलरवरचा माइक ओरबाडला, त्याचं बटण बंद केलं, पर्सच्या तळाशी कोंबला आणि आईला उचलून घरी न्यायला रंगमंचावर धावली. पण तिच्याआधी दुसरंच कुणीतरी उठलं होतं.

ते हॉलचे साहेब होते. उंच, दगडी चेहऱ्याचे. कुणीही त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तरुणपणी याच हॉलच्या दारावर तिकिटं फाडत ते मालक झाले होते आणि जादूगारांच्या सगळ्या लबाड्या कोळून प्यायले होते. पायाने पाटी बाजूला सारत ते म्हणाले, "प्रोफेसर, ही असली खेळणी मी ढिगाने पाहिलीत. आता माझ्या मनातलं सांगा. मी लिहिणार नाही."

प्रोफेसरांना मेलं तरी काही सांगता येणार नव्हतं. साहेब खाली उतरले, सासूबाईंसमोर वाकले आणि त्यांच्या मोकळ्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "आजी! तुम्ही तरी सांगता का?"

सासूबाईंनी मान किंचित कलती केली. मग त्या गप्प बसल्या. इतका वेळ गप्प बसल्या की लोकांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. प्रोफेसरांना तर सगळ्यांचाच ऐकू येत होता. साहेबांनी आधी ओठ मुडपले, मग रुमाल काढला, मग तो पुन्हा खिशात ठेवला.

"नंबर तेवढा सांगायचात," सासूबाई म्हणाल्या. "दर शुक्रवारी. तीन मिनिटांचा कॉल. त्या पलीकडून हॅलो हॅलो म्हणत राहायच्या आणि तुम्ही बोलायचा नाहीत."

साहेबांचा दगडी चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. "भांडून निघालो होतो घरातून," ते म्हणाले. ते कुणाला सांगत होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक नसावं. "म्हटलं, आईचा आवाज तरी ऐकावा. बोलायचं धाडस होईना. आणि मग एका शुक्रवारी फोन कुणी उचललाच नाही."

सासूबाईंचं बोट पुन्हा कानावर गेलं. हॉलमधली ती थंड झुळूक पडद्याची कड हलवून गेली. मग तोच आवाज आला, सपाट, निरोप पोचवणारा.

"दार नुसतं ओढून घेतलंय रे, ठोंब्या. कडी लावलेली नाही."

मागे कुणीतरी 'ठोंब्या' ऐकून फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. कारण साहेब खाली बसले होते, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर, आणि लहान मुलासारखे रडत होते. प्रोफेसरांनाही गलबलून आलं. आपण आजवर कुणाला असं हलवलं नाही, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं आणि ते फार लागलं.

लोक टाळ्या न वाजवता, पाय न वाजवता बाहेर पडले. शेवटी साहेब आले. डोळे लाल होते, पण चेहरा कधी नव्हे तो मोकळा होता. "दर शनिवारी," ते म्हणाले. "आजींना घेऊन या."

"आणि मी?" प्रोफेसरांनी विचारलं.

साहेबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही दिवे सांभाळा. मंद चांगले करता."

परतीच्या टॅक्सीत प्रोफेसरांनी कानातलं काढून निरखलं, सासूबाईंनी आपलं काढून दिलं, आणि बशीचा घोटाळा उघड झाला. बायकोला हसावं की रडावं कळेना. दोघांनी आपापलं यंत्र घातलं, म्हणजे सासूबाईंनी घातलं. प्रोफेसरांनी त्यांचं मुठीत धरलं.

"म्हणजे आई, तुला माझा आवाज ओळखू आला नाही?" तिने विचारलं.

"न ओळखायला काय झालं? पण लाइनवर असताना ओळख दाखवायची नसते. नोकरीचा नियमच होता तो."

"आणि साहेबांना कसं गं ओळखलंस?"

"आवाज मी विसरत नाही. शुक्रवार, नंबर, त्याचं ते गप्प राहणं, सगळं लक्षात होतं. मनात यायचं, बोल की रे मेल्या, आई आहे ती."

"आणि शेवटी ते दार ओढून घेतल्याचं? ठोंब्या? ते तर तू कमालच लक्षात ठेवलंस!"

"मी कुठे लक्षात ठेवलं?" सासूबाई म्हणाल्या. "त्याने फोन ठेवला की लाइन तुटायची. ती मागे काय म्हणायची, मला काय ठाऊक? ते तर तूच आत्ता कानात सांगितलंस."

बायकोने पर्स उघडली. तळाशी माइक होता. बटण बंद होतं.

प्रोफेसरांनी मूठ हळूहळू उघडली आणि ते महागडं यंत्र दोन बोटांत, जळता निखारा धरावा तसं धरून, डबीत टाकलं.

"ते परत करून टाका, जावईबापू," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "चांगलं आहे, पण क्रॉस कनेक्शन फार लागतं त्याच्यावर."