डॉ. साळिंदरांनी पांडा तपासला

एका जंगलात, मुलांनो, एक त्रैमासिक निघायचं. हसू नका. गावात निघतं, तर जंगलात का निघू नये?

त्याचं नाव 'बांबूपलीकडे'. डोंगरांच्या पल्याड चीन नावाचं भलंमोठं रान होतं. तिथला समाज आणि तिथलं राजकारण, एवढाच त्याचा विषय. संपादक होते डॉ. साळिंदर. चीनवर त्यांचे चाळीस लेख होते. डोंगर मात्र ते कधी चढले नव्हते. चढाने अभ्यासात व्यत्यय येतो म्हणायचे.

एके दिवशी एक पांडा डोंगर उतरून आला. नाव बाओ. पोट पार खपाटीला गेलेलं. तो थेट सिंहापुढे जाऊन उभा राहिला.

"महाराज, मी चीनमधला पांडा. तिकडचा बांबू वाळलाय. पण वाळला म्हणायची बंदी आहे. मी नुसतं 'पिवळा दिसतोय' म्हणालो, तर रखवालदार मागे लागले. मला इथे राहू द्या."

सिंहाने आयाळ खाजवली. "बाबा रे, परक्या जनावराला ठेवायचं नाही, असा आमचा कायदा आहे. उद्या परत जावं लागेल. पण तू खरंच तिकडचा का, ते आधी डॉक्टर तपासतील."

डॉ. साळिंदरांनी बाओला झुडपाआड बसवलं.

"हे कशाला?"

"परीक्षकाला लेखक दिसता कामा नये, अशी आमची पद्धत आहे."

"पण मी लेखक नाही. पांडा आहे."

"तेच तर ठरायचंय. गप बसा."

परीक्षक होत्या घुबडबाई. त्या झाडाच्या खोडाकडे तोंड करून बसल्या.

"हं. काय म्हणणं आहे?"

"बांबू वाळलाय, बाई."

"आधार?"

"मी चावून पाहिला."

"तो अनुभव झाला. छापून कुठे आलंय?"

"तिकडे कोण छापतंय! छापणाऱ्यालाच उचलून नेतात."

"म्हणजे तळटीप नाही." घुबडबाईंनी मान हलवली. "डॉक्टर, आपल्या सत्तावीस अंकांत एकाही पांडाने बांबूला पिवळा म्हटलेलं नाही."

"एकाही नाही! सगळे हिरवाच म्हणतात. तिथल्या सरकारी पत्रकांवरून मी स्वतः मोजलंय."

निकाल सिंहापुढे गेला. सदर प्राणी पांडा नाही. इथलंच अस्वल असून राखेत लोळलेलं दिसतं.

"मग घरचाच की रे तू!" सिंह म्हणाला. "परत कशाला जातोस? ओढ्याकाठी बांबू आहे, खा."

बाओला राग आला. एवढे डोंगर तुडवून आलेला पांडा तो. "अहो, पण मी खरंच..."

"अस्वलाने चीनवर बोलू नये," डॉ. साळिंदर करवादले. "तो अभ्यासाचा विषय आहे."

बाओने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा ओढ्याकडे.

"चुकलो, डॉक्टर," तो म्हणाला. "लहानपणापासून सवय आहे हो, राखेत लोळायची."

आणि तो बांबू खायला गेला.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त ते आधी विद्वानांकडून तपासून घ्यावं, म्हणजे खरं बोलूनही कुणाचं काही बिघडत नाही.