साताऱ्याच्या डब्याला सांगलीचं उत्तर

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, कृष्णेच्या पाण्याची शपथ. (एक ओळ सोडून. ती कुठली ते शेवटी सांगतो. आत्ता सांगितली तर तुम्ही उरलेलीही खोटी धराल.)

साताऱ्याचे तात्याबा आणि दीपमालाबाई आपल्या सिद्धूला घेऊन आमच्या ज्ञानदाला बघायला सांगलीला आले. जाताना कंदी पेढ्यांचा स्टीलचा डबा ठेवून गेले. असा डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं मलाही ठाऊक आहे. पण त्यातून काय जातं यावर सोयरीक ठरते, हे चारुशीलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तेव्हा सांगितलं. लाडू गेले तर होकार. चिवडा गेला तर नकार, पण कुणाचं मन न दुखवता.

ज्ञानदाला विचारलं. "तुम्ही ठरवाल ते," म्हणाली आणि आत गेली.

"हो म्हणाली की," मी म्हणालो.

"नाही म्हणाली," चारुशीला म्हणाली. "हो असतं तर दाराशी घुटमळली असती."

आणि तिनं चिवडा केला. (मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही 'तू ठरवशील ते' म्हणालो असतो.)

डबा पोचवायचं काम माझ्याकडे. एसटीत खिडकी मिळाली. कऱ्हाडच्या अलीकडे झाकण जरा उघडलं. चिवडा कुरकुरीत राहिलाय का, एवढंच बघायचं होतं. सातारा आलं तेव्हा बघून संपला होता.

रिकामा डबा म्हणजे सरळ अपमान. पण सांगलीचा माणूस परगावी निघाला की पिशवीत हळद असतेच. माझ्याकडे बहिणीसाठी घेतलेली होती. ती डब्यात ओतली, दारातच डबा दिला आणि पहिल्या एसटीनं परत फिरलो. चिवड्याचं कुणाला कळलं नाही.

घरी पोचतो तोच तात्याबांचा फोन. मी स्पीकरवर टाकला. (हीसुद्धा चूकच.)

"इवाई, पोचली बरं का हळद. आमी लाडवाची वाट बघत हुतो, तुमी थेट हळदच धाडली. लय बेस. आता तारीख कवाची धरायची?"

(इवाई म्हणजे व्याही. त्यांच्याकडून ठरलंच होतं.) चारुशीलानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला एकट्याला लावता आला.

"अहो तात्याबा, ती हळद म्हणजे..." मी सुरुवात केली.

आतून ज्ञानदा आली. "बाबा, दिवाळीनंतरची चालेल म्हणावं."

"अगं, तू तर आत निघून गेलीस," तिची आई म्हणाली.

"मग काय हॉलमध्ये नाचू? नको असतं तर भांडले नसते का?"

"बघ, मी बरोबर ओळखलं होतं," मी चारुशीलाला म्हणालो. तिनं जाऊन स्वयंपाकघराचा दिवा मालवला. (याचा अर्थ कळतो मला. रात्रीची खिचडी मीच टाकली.)

साखरपुडा साताऱ्यात झाला. निघताना दीपमालाबाईंनी लाडवांचा मोठा डबा चारुशीलाकडे दिला आणि एक छोटी डबी माझ्या हातात ठेवली. उघडली तर चिवडा.

"ह्यो तुमचा वाटंतला, इवाई," त्या म्हणाल्या. "त्या हळदीत शेंगदाणं आन् कढीपत्ता निघाला हुता."

तर खोटी ओळ ती. 'चिवड्याचं कुणाला कळलं नाही.' बाकी सगळ्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय, हे कळलं नव्हतं ते एकट्या मला.