भिंतीआडचे पोहे

अख्ख्या सिंदी मेघेत घराच्या रचनेतलं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! हे मी उगाच बढाई म्हणून सांगत नव्हतो, मला तसं मनापासून वाटायचं. गेल्या महिन्यापर्यंत.

झालं असं, की मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक बाई ओट्यापाशी टोमॅटो चिरत होती आणि तिचा नवरा सोफ्यावर बसून तिच्याकडे पाहून हसत होता. मधे भिंतच नाही! स्वयंपाकघर आणि बैठक एकच! काय तो उजेड, काय ती हवा! मी मान वर करून आमच्या बैठकीत पाहिलं. समोर भिंत, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि कॅलेंडरवर पाल. तिथल्या तिथे ठरवलं, ही भिंत गेली पाहिजे!

"आपल्याले ओपन किचन कराचं आहे," मी जाहीर केलं.

"म्हणजे उघडं स्वयंपाकघर?" आई शेंगा फोडता फोडता थांबली. "काऊन रे बाप्पा? आपलं काय कुलूप लावलेलं आहे का?"

माझी बायको सरिता शाळेत गणित शिकवते. ती पेपर तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "भिंत पाडाल, अन् मंग तुमचं काय होईन, याचा विचार केला का?"

"माझं काय होते? मी तर सोफ्यावर बसीन!"

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि एका पोराला शून्य दिलं. तिथेच मी थांबायला हवं होतं.

आता तुम्हाला घरातली एक गोष्ट सांगतो. तुमच्यापाशीच ठेवा. आमच्या घरचा स्वयंपाक मी करतो! नोकरी लागली तेव्हा आष्टीला एकटा राहत होतो, तिथे हात बसला. पुढे आईचे गुडघे गेले, सरिताची शाळा सकाळची, आणि माझी धाकटी बहीण दामिनी दवाखान्यात रक्त तपासते. तिला चहा टाकायला सांगितला तर ती साखर चिमट्याने टाकेल! त्यामुळे ओटा माझ्याकडे आला. वरण, भाजी, पाटोडीचा रस्सा सगळं जमतं, पण आलूपोहे म्हणजे माझेच!

बाहेर मात्र मी ज्ञानेश्वरभाऊ. ऑफिसातला मोठा बाबू, भरघोस मिशी, आवाज खर्जातला. पाहुणे आले, की मी फोन कानाला लावून "हां साहेब, बोला साहेब" करत आत जायचो, भिंतीआड पोहे परतायचो, कांद्याचा वास जाईपर्यंत हात धुवायचो आणि गंभीर चेहऱ्याने परत येऊन बसायचो. मागून सरिता बशा आणायची. "वहिनी, काय हात आहे तुमचा!" पाहुणे म्हणायचे. मीही मान डोलवायचो. शेजारच्या शोभाबाईंना आमचं सिलिंडर कधी संपणार हे आमच्याआधी कळतं, पण हे त्यांनासुद्धा कळलं नव्हतं!

आणि ती भिंत मीच पाडायला निघालो होतो!

बापूराव मिस्त्री आले. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "भाऊ, पक्कं ना? मंग मले बोल नका लावजो."

"पाडा!" मी म्हणालो. कमरेवर हात ठेवून म्हणालो.

भिंत पडली. आठवडाभर वरणात सिमेंट लागत होतं. शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून दारंखिडक्या लावून आम्ही गुपचूप जेवलो. पण काम झाल्यावर घर असं काही दिसायला लागलं, की काय सांगू! सोफ्यावर बसलं की समोर सरळ ओटा. आईला टीव्ही पाहता पाहता दुधावर लक्ष ठेवता यायला लागलं. मी दिवसातून दहादा सोफ्यावरून ओट्यापर्यंत जाऊन यायचो, नुसताच.

अशात दामिनीला पाहायला पाहुणे यायचं ठरलं.

मुलगा समुद्रपूरचा, नीलेश. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. एका लग्नात दोघांची भेट झाली होती आणि ते फोनवर बोलतही होते, हे मला आदल्या दिवशी कळलं. माझी ही तोंडाळ बहीण त्या दिवशी खाली मान घालून म्हणाली, "दादा, मले हाच पोट्टा पसंत आहे. याच्या आधीची तीन ठिकाणं मीच नाई म्हटली. हे जमलं पाह्यजे. तू काई गडबड करू नको."

बाबा गेल्यापासून तिचं सगळं मीच पाहिलंय. "मी काऊन गडबड करीन?" मी म्हणालो.

पाहुणे वेळेवर आले. नीलेश, त्याचे वडील बबनराव आणि आई रुख्माबाई. बबनराव थोडं बोलणारे, रुख्माबाई थोडं गप्प बसणाऱ्या. आईने पाण्याचे ग्लास द्यायच्या आधीच सांगून टाकलं, "आमच्या घरी सगळं दामिनीच करते जी! सकाळचं, संध्याकाळचं, सगळं!"

इथवर सुरळीत होतं. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आता पोह्यांची वेळ. मी सवयीने फोन कानाला लावला. "हां साहेब, बोला साहेब" करत उठलो, चार पावलं चाललो, कांदा उचलला, सुरी उचलली, वळलो...

सहा माणसं माझ्याकडे पाहत होती!

भिंत नव्हती! अरे देवा, भिंतच नव्हती! फोन एका खांद्यावर, हातात कांदा, आणि समोर बबनराव! मी तसाच कांद्याकडे पाहून म्हणालो, "हो साहेब, कांद्याचे भाव वाढून राह्यले," आणि कांदा ठेवून परत सोफ्यावर येऊन बसलो.

"मी टाकतो पोहे," सरिता लगबगीने उठली. हो, आमच्याकडे बायकाही कधी कधी असंच बोलतात.

"तुमी बसा जी!" रुख्माबाईंनी तिला हाताला धरून बसवलं आणि आपली खुर्ची ओट्याकडे वळवली. "हे समोरासमोरचं लय चांगलं केलं तुमी. पोरगी कसं करते ते इथूनच दिसते. करू द्या तिलेच, गरम गरम!"

दामिनी ओट्यापाशी गेली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. इतकी घाबरलेली मी तिला दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

तिने पातेलंभर पाणी घेतलं आणि पोहे त्यात बुडवून ठेवले! भिजत! साबुदाण्यासारखे! मला सोफ्यावर बसवेना. मी मोठ्याने खाकरलो. तिने पाहिलं. मी डोळे मोठे करून जोरजोरात मान हलवली. तिने आणखी पाणी ओतलं! मी दोन्ही हात हवेत उलटे करून 'निथळ, निथळ' असं दाखवलं. तिने तेलाची बरणी कढईत उलटी केली!

"काय झालं जी?" बबनरावांनी विचारलं.

"काई नाई. मान... मान अवघडली."

तेल धुरावलं. मी अंगठा आणि बोट पिरगाळून गॅस कमी करायची खूण केली. तिला वाटलं, मिठाचं सांगतोय. मूठभर मीठ गेलं! माझे खांदे उडाले, मिशी थरथरली, एक पाय आपोआप आपटला. बबनरावांनी आपली खुर्ची हळूच थोडी लांब सरकवली. रुख्माबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आईच्या कानाशी वाकल्या. पण भिंत नसलेल्या घरात कानात बोललेलंही सगळ्यांना ऐकू येतं.

"बाई, राग नका मानजो. याइले असं कधीपासून होते? घराण्यात अजून कोणाले आहे का?"

मी थिजलो! आई थिजली! नीलेश मात्र पुढे वाकून मला निरखत होता, धंद्याच्या नजरेने. "आई, घाबराचं काम नाई," तो म्हणाला. "आमच्याकडे एक गोऱ्हा असाच करून राह्यलता. कानात गोचीड निघाली."

"आमी निघतो मंग," बबनराव उठले. "कळवतो तुमाले."

कळवतो! या शब्दाचा अर्थ ज्याच्या घरी लग्नाची बहीण आहे त्याला विचारा! ओट्यापाशी दामिनी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती पोरगी. आणि कढईतून आता काळा धूर निघत होता.

मग मला मिशी सुचली नाही, ऑफिस सुचलं नाही. मी उठलो. "सरक!" कढई उतरवली, तेल बाजूला ओतलं, तो पोह्यांचा लगदा दूर केला. नवे पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धरले आणि निथळत ठेवले. आलू चिरले, कांदा चिरला, हात आपोआप चालत होते. दुसऱ्या कढईत मोहरी तडतडली, शेंगदाणे, मिरच्या, कढीपत्ता, कांदा, आलू शिजले, हळद, मीठ, पोहे, झाकण! वाफ आल्यावर लिंबू पिळलं, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भुरभुरला.

बशा घेऊन मी बबनरावांसमोर उभा राहिलो. "मले काई आजार नाई जी," मी म्हणालो. "मी तिले खुणा करून राह्यलो होतो. स्वयंपाक मी करतो. दामिनीले काई येत नाई. पण पोरगी सोन्यासारखी आहे, तिले नाई म्हणू नका." माझा आवाज खर्जातून कधी वर गेला, मलाच कळलं नाही.

रुख्माबाईंनी एक घास घेतला. मग दुसरा. मग त्या बबनरावांकडे वळल्या. "आजार नाई ना? मंग बसा ना जी खाली! काऊन उठले?"

"पण पोरीले स्वयंपाक..."

"नीलेशले येते ना! मीच शिकवला आहे. लग्न झाल्यावर पोहे तो करीन."

नीलेश लाजला. दामिनी डोळे पुसत हसली. सुपारी तिथेच फुटली! मला रडू आलं. मी सगळ्यांना सांगितलं, की कांद्यामुळे.

एवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण खिडकीत शोभाबाई उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत वस्तीला कळलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "पोह्यांत साखर टाकता का हो तुम्ही?" दोन दिवस मी तोंड लपवत फिरलो आणि मग बापूराव मिस्त्रींना बोलावलं.

"भिंत परत बांधाची आहे," मी सांगितलं.

"आता बांधून का लपवता भाऊ? पूर्ण सिंदी मेघेले मालूम आहे," बापूराव म्हणाले. मग ओट्याकडे पाहत ते हळू आवाजात म्हणाले, "येत्या रविवारी माह्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. तिले बी काई येत नाई. तुमी येता का पोहे टाकाले?"

मी मिशीला पीळ दिला. "मी? लोकाच्या घरी? लोक काय म्हणतीन?"

"कोणाले दिसन?" बापूराव म्हणाले. "आमच्या घरी भिंत आहे ना!"

मी तिथल्या तिथे नाही म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं, "किती माणसं आहेत?"